शिक्षणाचीं नवीं साधनें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत एका निवृत्त शिक्षकानें केलेलें भाषण)



आजच्या सभेंत मला चार शब्द बोलावयास सांगितलें याबद्दल मी समितीचा ऋणी आहें. वास्तविक हा मान माझ्याहून तरुण अशा एखाद्या शिक्षकास द्यावयाचा. कारण विषयच तरुणांचा आहे. माझी सारी नोकरी खडू आणि फळा यांच्या संगतींत गेली. मोबाइलवर बोटानें मराठी लिहावयास मी वयाच्या छपन्नाव्या वर्षीं शिकलों, आणि तेंहि माझ्या मुलीकडून, तिचीं बोलणीं खात खात. तथापि मीं होकार दिला त्यास एक कारण आहे. महोत्सवाच्या निधींतून आपल्या धर्मग्रामांतील पांचवीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलास एक एक टॅब्लेट घेऊन द्यावा, अशी सूचना समितीपुढें आलेली आहे. सूचना करणारांचा हेतु अत्यंत निर्मळ आहे. त्यांतील दोघे तर माझेच विद्यार्थी. परंतु त्या सूचनेविषयीं मला कांहीं सांगावयाचें आहे, आणि तें मिस्सानंतर आवारांत कुजबुजण्यापेक्षां येथें, सर्वांच्या समोर सांगावें हें बरें.

आरंभींच सांगून टाकतों कीं मी यंत्रांचा वैरी नाहीं. यंत्र आणि शिक्षण यांची गांठ आपल्या समाजास नवीहि नाहीं. इ. स. १५५६ त गोव्यास छापखाना आला; भारताच्या भूमीवर उतरलेला हा पहिला छापखाना. तो पाठविला होता ॲबिसिनियाकरितां, परंतु वाटेंत गोव्यास उतरला तो तेथेंच राहिला, आणि सेंट पॉल कॉलेजांत त्याचें काम सुरू झालें. पुढें साठ वर्षांनीं, म्हणजे १६१६ सालीं, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंचें मराठी 'ख्रिस्तपुराण' राचोल येथें छापून निघालें. भाषा मराठी, छंद ओवीचा, पण अक्षरें मात्र रोमन. कां, तर मराठीचे खिळे तेथें नव्हते. आतां गंमत पहा. गेल्या आठवड्यांत माझ्या नातवानें मला मोबाइलवर निरोप पाठविला. भाषा मराठी, अक्षरें रोमन! मोबाइलमध्यें देवनागरी नाहीं म्हणावें, तर तसेंहि नाहीं. संगणकाच्या सर्वमान्य अक्षरसंचांत, ज्यास युनिकोड म्हणतात त्यांत, देवनागरीस १९९१ पासून जागा मिळालेली आहे. फादर स्टीफन्स यांस जी अडचण होती ती आमच्या मुलांस नाहीं. तरीहि चारशें वर्षांपूर्वींची ती तडजोड तीं आपखुशीनें चालवीत आहेत. साधन आलें म्हणजे त्याबरोबर आपली लिपि, आपली बोली, आपला धडा आपोआप येत नाहीं. तो कोणी तरी बसून त्यांत घालावा लागतो.

असा धडा घालणारे एक शिक्षक आपल्याच महाराष्ट्रांत झाले. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत पानाच्या कडेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो. त्यास क्यूआर कोड म्हणतात. हा चौकोन १९९४ सालीं जपानांत निघाला तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याकरितां; शाळेशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. सोलापूर जिल्ह्यांत, माढा तालुक्यांत, परितेवाडी नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ सालीं रुजू झाले, तेव्हां शाळेची मोडकळीस आलेली इमारत गुरांचा गोठा आणि अडगळीची खोली यांच्यामध्यें उभी होती. या गृहस्थांनीं धड्यांना हे चौकोन जोडण्याचा उद्योग आरंभिला. मोबाइल त्यावर धरला कीं मुलास कविता ऐकूं यावी, धड्यांतलें चित्र हलतांना दिसावें, प्रश्न समोर यावेत. २०१७ सालीं राज्य शासनानें सर्व इयत्तांच्या पुस्तकांत हे चौकोन घालण्याचें जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं ५ सप्टेंबरला केंद्र शासनाचें 'दीक्षा' हें शिक्षणाचें डिजिटल भांडार सुरू झालें. २०२० च्या डिसेंबरांत डिसले गुरुजींस दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांतील अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम यादींतील इतर नऊ शिक्षकांत वांटून दिली. सोलापूरच्या एका प्राथमिक शिक्षकाचें हें वर्तन पाहून मला, त्याच धंद्यांतील एक म्हणून, किती अभिमान वाटला हें सांगावयास नको.

या चौकोनाची घडण थोडी समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या रचनेंत अशी योजना करतां येते कीं त्याचा सुमारें तीस टक्के भाग शाईनें माखला किंवा फाटला तरीहि तो वाचतां यावा. मुलांच्या पुस्तकांची जी दशा जूनमध्यें असते आणि मार्चमध्यें होते ती ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या योजनेचें मोल कळेल. परंतु त्या चौकोनांत धडा नसतो. धड्याचा फक्त पत्ता असतो. धडा दूर कोठें तरी ठेवलेला असतो, आणि तो आणावयास इंटरनेट लागतें. इंटरनेट नसेल तर अगदीं कोरा करकरीत चौकोनहि मुका. ही गोष्ट लक्षांत ठेवा. पुढें माझ्या बोलण्यांत ती येणार आहे.

आतां या साधनांचा खरा गुण कोणता, तें सांगतों. २००४ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें सलमान खान नांवाचे एक तरुण गृहस्थ पैशाच्या गुंतवणुकीच्या कचेरींत नोकरीला होते. (हंशा.) नाहीं, नाहीं, हे सिनेमांतले नव्हेत. त्यांच्या नात्यांतली नादिया नांवाची एक लहान बहीण दूर न्यू ऑर्लीन्स येथें राहत असे. मापांच्या रूपांतराचीं गणितें तिला जमेनात. खान साहेब कचेरींतून आल्यावर तिला फोनवरून शिकवूं लागले. पुढें तिचे भाऊ आले, आणखी भावंडें आलीं, आणि वेळ पुरेना. म्हणून २००६ सालीं त्यांनीं धडे ध्वनिचित्रांत उतरवून यूट्यूबवर ठेवण्यास आरंभ केला. भावंडांनीं त्यांस काय सांगावें? कीं, दादा, तूं समोर बोलतोस त्यापेक्षां यूट्यूबवरच आम्हांस बरा वाटतोस! खान साहेब हें स्वतः मोठ्या कौतुकानें सांगतात. त्यांतूनच पुढें 'खान अकॅडमी' निघाली.

हें विधान वरवर अपमानाचें दिसतें. पण मीं छत्तीस वर्षें वर्गांत काढलीं आहेत, आणि मला तें पटतें. धडा संपला कीं शिक्षक विचारतो, "समजलं का?" सारा वर्ग एका सुरांत म्हणतो, "हो, सर." त्या सुरांत निदान दहा मुलांना कांहींहि समजलेलें नसतें, आणि शिक्षकास तें ठाऊक असतें. मुलास पुन्हा विचारावयाची लाज वाटते; शिक्षकास पुढला धडा घ्यावयाची घाई असते. यंत्रास लाज नाहीं आणि घाईहि नाहीं. तोच भाग सात वेळां मागें नेला तरी तें कपाळास आंठी घालीत नाहीं. मंदगति मुलाकरितां हें फार मोठें दान आहे, आणि आम्हां शिक्षकांपैकीं पुष्कळांना तें देतां आलें नाहीं हें मला कबूल केलें पाहिजे.

आतां २०२० सालाकडे येतों. त्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या, आणि जें साधन कौतुकाचें होतें तें एका रात्रींत एकुलतें एक झालें. आपल्याच पालघर जिल्ह्यांत, जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी पाड्यांवर, जेथें मोबाइलहि नाहीं आणि त्याचा मनोराहि नाहीं, तेथें 'बोलकी शाळा' या नांवानें ध्वनिक्षेपकांवरून धडे ऐकविण्याचा प्रयोग झाला. झाडाखालीं मुलें बसत, आणि कर्ण्यांतून कविता, इंग्रजी शब्द, गोष्टी ऐकूं येत. हें वाचलें तेव्हां मला संत फ्रान्सिस झेवियर यांची आठवण झाली. ते १५४२ सालीं गोव्यास आले, आणि हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत मुलांना शिक्षणाकरितां गोळा करीत. कर्णा काय आणि घंटा काय, मुलें एकत्र जमली हें महत्त्वाचें.

आमच्याकडे मात्र मोबाइल होते. त्यामुळेंच आमची फसगत झाली.

ती फसगत माझी स्वतःची आहे, म्हणून सविस्तर सांगतों. त्या वर्षीं माझ्याकडे आठवीचा वर्ग होता; एक्केचाळीस मुलें. मीं पालकांचा एक व्हॉट्सॲप समूह केला. रोज सकाळीं नऊ वाजतां मी धड्याचें नांव लिहून त्याखालीं ध्वनिचित्र पाठवीत असें. निरोप कोणीं उघडला त्यांचीं नांवें मोबाइल दाखवितो. त्या यादीवरून मी हजेरी मांडीत असें. हजेरी उत्तम होती. वर्गांत कधीं नव्हती इतकी उत्तम! मी वरिष्ठांस तसें मोठ्या समाधानानें कळविलेंहि.

२०२१ सालीं शाळा उघडल्यावर मी वह्या पाहूं लागलों. एका मुलीची वही उघडली. पहिल्या पानावर तारीख, खालीं धड्याचें नांव, त्याखालीं रेघ, आणि पान कोरें. दुसऱ्या पानावर तारीख, धड्याचें नांव, रेघ, पान कोरें. अशी सबंध वही. तीन वह्या. अक्षर मोत्यासारखें. मला वाटलें, ही मुलगी माझी थट्टा करीत आहे. मी तिला रागावलों. ती कांहीं बोलली नाहीं, नुसती वहीकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशीं तिचे वडील आले. ते पहाटे टेंपोवर भाजी आणि फुलें घेऊन दादरला जात. घरांत मोबाइल एकच, आणि तो धंद्याकरितां त्यांच्याजवळ. सकाळीं नऊ वाजतां ते बाजारांत किंवा रस्त्यावर असत. माझा निरोप आला कीं ते हातांतलें काम टाकून तो उघडीत. "सर, तुम्हांला वाईट वाटूं नये म्हणून रोज उघडत होतों मी," ते म्हणाले. "पोरीचं नांव गैरहजर लागेल अशी भीति वाटायची." रात्रीं मोबाइल घरीं येई तेव्हां त्या दिवसाचें इंटरनेट संपलेलें असे. ध्वनिचित्र उघडत नसे. अक्षरांत लिहिलेलें धड्याचें नांव तेवढें दिसे. मुलगी तें तारखेसकट उतरून घेई, आणि कधीं तरी कोणी सांगेल तेव्हां लिहितां यावें म्हणून खालीं पान मोकळें ठेवी.

बंधुभगिनींनो, मीं दीड वर्ष त्या वडिलांची हजेरी मांडली होती.

'असर' नांवाची ग्रामीण भारताची एक शैक्षणिक पाहणी होते. २०१८ सालीं शाळेंत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकीं ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० सालीं तें प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेलें. मीं तो आंकडा तेव्हां वर्तमानपत्रांत वाचला आणि मला आनंद झाला. घरांत मोबाइल असणें आणि मुलाच्या हातांत असणें यांत किती अंतर आहे तें त्या तीन वह्यांनीं मला शिकविलें. त्याच पाहणीचा २०२४ सालचा वृत्तांत सांगतो कीं चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकीं ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरतां येतो. त्यांपैकीं मागल्या आठवड्यांत अभ्यासाकरितां तो वापरलेले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांकरितां वापरलेले ७६ टक्के. मुलींच्या मालकीचा मोबाइल असण्याचें प्रमाण मुलांपेक्षां कमी. या आंकड्यांवर मी भाष्य करीत नाहीं. आपल्या घरोघरीं काय चालतें तें आपण मजपेक्षां चांगलें जाणतां.

कोणी म्हणेल, "सर, म्हणूनच तर प्रत्येकास टॅब्लेट द्यावयाचा! त्या मुलीजवळ स्वतःचा टॅब्लेट असता तर?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मी माझ्या मनानें देत नाहीं. जेथें हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तेथील हकीकत सांगतों. दक्षिण अमेरिकेंत पेरू देशाच्या सरकारनें आठ लाखांहून अधिक लहान लॅपटॉप मुलांकरितां घेतले. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनीं खेड्यांतील शाळांची पाहणी करून २०१२ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुलें यंत्र हाताळावयास शिकलीं. पण गणितांत आणि भाषेंत, ज्यांना लॅपटॉप मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहींत त्यांच्यांत फरक आढळला नाहीं. एवढा खर्च, आणि फरक नाहीं!

याच्या उलट दुसरी हकीकत आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशाची. २०२० सालीं तेथेंहि शाळा बंद होत्या. साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. कांहीं घरांना दर आठवड्यास गणिताचे साधे लघुसंदेश पाठविले. कांहीं घरांना ते संदेश, आणि शिवाय शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा एक फोन. फोनवर शिक्षक मुलालाच बोलावून घेई, एक उदाहरण घाली, आणि मूल तें कसें सोडवितें तें ऐकत बसे. टॅब्लेट नाहीं, इंटरनेट नाहीं. बटणांचा साधा फोन पुरे. निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. नुसत्या संदेशांनीं म्हणण्यासारखें कांहीं झालें नाहीं. जेथें फोनवर प्रश्न विचारणारा माणूस होता तेथील मुलें गणितांत स्पष्टपणें पुढें गेलीं. मीं जें केलें तें बोट्स्वानांतील पहिल्या प्रकारचें होतें. माझ्या एक्केचाळीस घरांना आठवड्यास एक एक फोन करणें मला अशक्य नव्हतें. माझ्याजवळ फोन होता. मला सुचलें नाहीं इतकेंच.

ती मुलगी आणि तिच्या वर्गांतील दुसरीं चार मुलें पुढें एक हंगामभर संध्याकाळीं आमच्या ओट्यावर बसत. पांच मुलांत एक मोबाइल, तोहि माझा. पद्धत आपोआप पडत गेली. धड्याचें ध्वनिचित्र दहा मिनिटें पहावयाचें. मग मोबाइल चटईवर उपडा ठेवावयाचा. मग एकानें तें दुसऱ्यास सांगावयाचें, आणि दुसऱ्यास पटेपर्यंत सांगावयाचें. अडलें तरच मोबाइल पुन्हा उताणा. पहिल्या आठवड्यांत मोबाइल सारखा उताणा होई. दिवाळीपर्यंत तो अर्धा अर्धा तास उपडा पडून राहूं लागला. माझी पत्नी सुरुवातीस कुरकुरली, कारण ओट्यावर बोंबील वाळत घालावयास जागा उरेना. पुढें तीच एका मुलाची उजळणी घेऊं लागली. मुलीनें जुन्या वह्यांचीं कोरीं पानें भरावयास घेतलीं. सगळीं भरलीं नाहींत. ती दहावी उत्तीर्ण झाली. तिच्या वर्गांतील दोन मुलगे मात्र शाळा उघडल्यावर परत आलेच नाहींत. एक टेंपोवर आहे, दुसरा कारखान्यांत. त्यांचीं नांवेंहि माझ्या हजेरींत रोज लागत होतीं.

अलीकडे आणखी एक नवल आलें आहे. त्याविषयीं थोडक्यांत सांगतों. २०२२ च्या नोव्हेंबर अखेरीस चॅटजीपीटी नांवाचें यंत्र लोकांकरितां खुलें झालें, आणि आतां तशीं पुष्कळ निघालीं आहेत. प्रश्न टाका, उत्तर तयार. त्यास मराठीहि येतें, आणि बरें येतें. माझ्या नातवानें त्याच्याकडून 'माझा गांव' हा निबंध लिहवून आणला. निबंधांत खळखळ वाहणारी नदी होती, डोंगर होता, आमराई होती. मीं त्यास आमच्या वाडीच्या विहिरीवर नेलें आणि म्हटलें, "बाळा, नदी दाखीव." तो हंसला. मग त्याला मोबाइल घेऊन आजीकडे पाठविला. तिनें सुकेळ्यांची सगळी हकीकत सांगितली: रजेळी केळीं कशीं पिकवीत, सोलून उन्हांत कशीं वाळवीत, पाऊस आला कीं कशी धांवपळ होई. त्यानें ती तिच्या बोलींत मोबाइलमध्यें ध्वनिमुद्रित करून घेतली. मग त्याच यंत्राच्या मदतीनें शुद्धलेखन तपासून निबंध लिहिला. यंत्र तेंच, पहिल्या वेळीं त्यानें मुलाचें काम हिरावून घेतलें, दुसऱ्या वेळीं हातभार लावला. मधें फक्त एक आजी आली. ती ध्वनिमुद्रिका माझ्याजवळ आहे; ज्यांना ऐकावयाची असेल त्यांनीं सभेनंतर भेटावें.

आतां समितीच्या सूचनेकडे वळतों. माझी विनंति अशी आहे कीं प्रत्येक मुलास टॅब्लेट घेऊं नये. आठ घ्यावेत. उरलेल्या रकमेंतून चर्चच्या मागील जुन्या शाळेची खोली दुरुस्त करावी. तिचें छप्पर गळतें. एक चांगली इंटरनेटची जोडणी घ्यावी, म्हणजे पुस्तकांतले ते चौकोन मुके राहणार नाहींत. आणि एका शिकलेल्या तरुणास किंवा तरुणीस मानधन देऊन रोज संध्याकाळीं सहा ते आठ तेथें बसवावें. यंत्राची बॅटरी चार-पांच वर्षांत मरते, आणि मग तें कपाटांत जातें. समितीच्या कपाटांत मागल्या वेळचे दोन संगणक आहेत, तें सर्वांस ठाऊक आहे. मानधन दर महिन्यास द्यावें लागेल, त्याची पावती फाडतांना समितीस त्रास होईल, उद्घाटनाच्या फोटोंत तें दिसणारहि नाहीं. हें मी जाणतों. पण माझ्या ओट्यावर जें थोडेंबहुत झालें तें मोबाइलमुळें झालें त्याहून अधिक, कोणी तरी शेजारीं बसून "बरं, मग पुढें काय झालं?" असें विचारीत होतें म्हणून झालें.

कांहीं पालक म्हणतात, आमच्या मुलाजवळ स्वतःचा मोबाइल आहे, त्यानें खोलींत कां यावें? त्यानें यावें तें दुसऱ्यास सांगण्याकरितां. ज्यास चांगलें येतें तोच उत्तम सांगूं शकतो, आणि सांगतां सांगतां आपल्याला काय येत नाहीं तें त्याला कळतें. आमच्या लहानपणीं धर्मशिक्षणाचीं प्रश्नोत्तरें आम्ही अशींच एकमेकांना विचारून पाठ केलीं.

दुसरी एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. स्टेशनकडील चाळींतून जीं भाड्यानें राहणारीं कुटुंबें आलीं आहेत, त्यांचीं मुलें आपल्या धर्मग्रामाच्या वहींत नाहींत. टॅब्लेट वांटले तर ते त्यांना मिळणार नाहींत. नियमानें मिळूंहि शकणार नाहींत. खोली उघडली तर तीं येऊं शकतील. दारांत कोणीं धर्म विचारूं नये, अशी माझी प्रार्थना आहे, आणि फादर यास नाहीं म्हणणार नाहींत अशी मला खात्री आहे.

समितीची बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर आहे. तिचा निर्णय कांहींहि झाला तरी मी सोमवारीं आणि गुरुवारीं त्या खोलींत बसणार आहें. खोली मिळाली नाहीं तर आमचा ओटा आहेच. सिस्टरांनीं बुधवार घेण्याचें मान्य केलें आहे. मंगळवार आणि शुक्रवार मोकळे आहेत. कॉलेजांत जाणाऱ्या तरुणांनीं आपलीं नांवें आजच मजजवळ द्यावींत. गणितास माणूस हवा आहे, इंग्रजीस त्याहून अधिक. आणि ज्यांच्या घरीं चालूं स्थितींतला जुना मोबाइल पडून असेल त्यांनीं तो घेऊन यावा. चार्जरसह आणावा, ही कृपा करावी.